एक कॉम्प्युटर, दोन बिऱ्हाडे

कॉम्प्युटरचे बटण दाबावे आणि पडद्यावर एक काळी पाटी उभी राहावी. तिच्यावर चार-पाच ओळी आणि त्यांत दोन ठळक नावे : एक उबुंटू, दुसरे विंडोज. बोला, कोणाकडे जायचे? बाणाच्या कळीने आपण एक नाव निवडायचे. थोडा वेळ काहीच केले नाही, तर पहिल्या नावाचे दार आपोआप उघडते. एकाच यंत्रात दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदविण्याचा हा प्रकार एके काळी कॉलेजातल्या हौशी पोरांपुरता होता. हल्ली तो सरळमार्गी गृहस्थांच्या घरीही दिसू लागला आहे आणि त्याची कारणेही सरळच आहेत.

एक कारण पैशाचे. विंडोज १० ही सिस्टिम २९ जुलै २०१५ ला बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला तिची नित्याची मोफत डागडुजी थांबली. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर पुष्कळशा जुन्या यंत्रांना ती चालत नाही. तिला अमुक पिढीचा प्रोसेसर लागतो, टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते. मग धडधाकट यंत्र भंगारात घालवत नाही, म्हणून लोक त्यात लिनक्स बसवितात आणि सवयीचे विंडोजही एका बाजूला राहू देतात. दुसरे कारण मुलांचे. इंजिनियरिंगला गेलेल्या मुलाला किंवा मुलीला लिनक्स हवे असते आणि वडीलधाऱ्यांचे विंडोजवाचून अडते.

आमच्या घरी हे दुसरे कारण आहे. माझे वडील शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षे खपून त्यांनी कोकणातले बोलीचे शब्द आणि म्हणी जमविल्या आणि एका जुन्या मराठी फाँटमध्ये स्वतःच्या हाताने टाइप केल्या. तो फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा. म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसविलेले. फाँट नसेल तेथे शब्दाऐवजी नुसते खडे दिसतात. ते टायपिंगचे सॉफ्टवेअर चालते फक्त विंडोजवर. आणि आमच्या कन्येचा कॉलेजचा सारा पसारा लिनक्सवर. तेव्हा दोहोंपैकी एकाही भाडेकरूला बाहेर काढण्याची सोय नाही.

दिवाळीच्या अंकात हे यंत्रपुराण कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की नेमक्या याच दिवसांत घरोघर हा उद्योग निघतो. माळा झाडून होतो, डबे घासून होतात आणि मग कोणाच्या तरी मनात येते, की सुटी आहे तोवर कॉम्प्युटरची साठलेली अपडेटही उरकून टाकू. एक बिऱ्हाड असलेल्या यंत्रात ते खुशाल उरकावे. दोन बिऱ्हाडे असली की जरा सबुरीने घ्यावे लागते.

अपडेट टाळून भागत नाही

आधी एक गैरसमज दूर करू. 'चाललंय ना, मग हात कशाला लावायचा?' हे म्हणणे पंख्याला शोभेल, कॉम्प्युटरला नाही. अपडेट म्हणजे बहुतेक वेळा नवी सजावट नसते. भिंतीला पडलेली भोके बुजविण्याचे ते काम असते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला. कागदपत्रे कुलूपबंद करायची आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांवर रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द करण्याची पाळी आली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने चालू आवृत्त्यांसाठी १४ मार्च २०१७ लाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते सापडले.

विंडोजची ही डागडुजी २००३ पासून महिन्याच्या ठराविक दिवशी येते, दुसऱ्या मंगळवारी. अमेरिकेतली सकाळ म्हणजे आपली मंगळवारची रात्र. लिनक्सचे तसे नाही. तेथे लहान-लहान दुरुस्त्या दुधाच्या रतिबासारख्या येतच असतात आणि उबुंटूत सुरक्षेच्या दुरुस्त्या तर न विचारताच बसतात. मोठी आवृत्ती मात्र एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये येते. तिच्या मागे दर वेळी धावण्याचे कारण नाही. सम सालातल्या एप्रिलमध्ये येणारी, पाच वर्षे मोफत सांभाळली जाणारी आवृत्ती घरासाठी पुरेशी आहे.

शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही

अडचण अपडेटांत नाही. अडचण ही, की दोन बिऱ्हाडांची एकमेकांशी ओळखच नाही. जुन्या वाड्यात दोन भाडेकरू असले तर निदान नळावर त्यांची गाठ पडे. येथे ते कधीच एका वेळी घरात नसतात. एक जागा झाला की दुसरा झोपलेला. प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटते, की सारा वाडा आपलाच. अपडेट आले की तो त्याच समजुतीने सुतार-गवंडी बोलावतो.

खोल्या स्वतंत्र असतात, म्हणून एरवी काही बिघडत नाही. पण तीन गोष्टी सामायिक आहेत. पहिली, डिस्कवरचा ईएफआय नावाचा चिमुकला कप्पा. विंडोजने स्वतः केला असेल तर तो पुष्कळदा अवघा १०० एमबीचा असतो. दोघांचीही दार उघडण्याची साधने त्यात राहतात. दुसरी, मदरबोर्डच्या स्मृतीत असलेली यादी. आधी कोणाचे दार ठोठवायचे ते ती ठरविते. तिसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. जो काही तंटा होतो तो या तीन ठिकाणी.

दाराच्या तंट्याचे गाजलेले उदाहरण ऑगस्ट २०२४ चे आहे. सुरुवातीची ती काळी पाटी 'ग्रब' नावाचा प्रोग्रॅम दाखवितो. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत एक दोष २०२२ मध्येच उघड झाला होता. असे सदोष पहारेकरी दारावर उभेच राहू नयेत, म्हणून मायक्रोसॉफ्टने १३ ऑगस्ट २०२४ च्या अपडेटमध्ये मनाई केलेल्यांची एक यादी यंत्राच्या स्मृतीत लिहिली. हेतू चांगला होता. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना ही यादी लागू होणार नाही, असेही आधी सांगितलेले होते. पण शेजारी कोणी राहते की नाही, हे ओळखण्याचे त्यांचे साधन तोकडे पडले. लोकांनी लिनक्स निवडले, तर पडद्यावर 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' एवढे सांगून यंत्र बंद! पुढच्या महिन्यापासून कंपनीने तो भाग अपडेटमधून वगळला, पण पुरता उपाय यायला मे २०२५ उजाडले. मधल्या काळात लोकांनी 'सिक्युअर बूट' ही पहाऱ्याची सोय तात्पुरती बंद करून, लिनक्समध्ये शिरून, यादी पुसून काम भागविले.

लिनक्सवाले या गोष्टीवर विंडोजला नावे ठेवतात. त्यांनीही फार बोलू नये. २०२१ मध्ये ग्रबची २.०६ ही आवृत्ती आली. तिच्यात शेजारी कोण राहते ते शोधण्याची सवय सुरक्षेच्या कारणास्तव बंद ठेविली गेली. परिणाम असा, की लिनक्सचे अपडेट करावे आणि पाटीवरून विंडोजचे नाव नाहीसे व्हावे. विंडोज गेलेले नसते. आपल्या खोलीत स्वस्थ झोपलेले असते. नुसते पाटीवरचे नाव पुसलेले असते. ग्रबच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली आणि पाटी नव्याने लिहून घेतली की नाव परत येते.

मला या दोन हकिकतींतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दोन्ही वेळा लोकांच्या फायली जागच्या जागी होत्या. दार बंद झाले होते, घर जळाले नव्हते. पण घाबरलेल्या माणसाला हा फरक सुचत नाही आणि खरे नुकसान तेथे होते. आमच्या एका स्नेह्यांच्या घरी एका मोठ्या अपडेटनंतर काळी पाटी दिसेनाशी झाली. यंत्र सरळ विंडोजमध्येच जाऊ लागले. त्यांनी ते दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानदाराने दोन मिनिटे पाहिले आणि आपले ठरलेले वाक्य उच्चारले, 'साहेब, फॉरमॅट मारावा लागेल.' मारलाही. मुलाचा वर्षभराचा प्रोजेक्ट लिनक्सच्या बाजूला होता. झाले होते एवढेच, की आधी कोणाचे दार ठोठवायचे या यादीत विंडोजचे नाव वर गेले होते. यंत्र सुरू होतानाच एफ-२, एफ-१२, एस्केप किंवा डिलीट, ज्या कंपनीची जी कळ असेल ती, दाबावी, यादीत उबुंटूचे नाव पुन्हा वर घ्यावे, काम संपले. पाच मिनिटांचे काम होते ते. फॉरमॅट हा शब्द कोणी उच्चारला, की आपण यंत्र उचलून घरी आणावे आणि जाणत्या माणसाला एकदा विचारावे.

अर्धवट झोप

विंडोजची आणखी एक खोड आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय मिळाली. तिच्यामुळे यंत्र लवकर सुरू होते; याचे रहस्य असे, की ते पुरते बंदच झालेले नसते. 'शट डाउन' म्हटले तरी विंडोज आपल्या आतल्या कारभाराची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे वाचू लागते. पुस्तकात खूण घालून झोपावे, तसेच. आता मधल्या वेळेत लिनक्स जागे झाले आणि त्याने विंडोजच्या खोलीत जाऊन दोन पाने इकडची तिकडे केली, तर? सकाळी विंडोज खूण पाहून वाचू लागणार आणि मजकूर जुळणार नाही. म्हणून शहाणे लिनक्स अशा वेळी त्या खोलीतले कागद नुसते वाचू देते, लिहू देत नाही. किंवा दारच उघडत नाही. पुष्कळांना हा बिघाड वाटतो आणि ते इंटरनेटवर शोधून काढलेल्या आज्ञेने ते दार जबरदस्तीने उघडतात. तसे मुळीच करू नये. फायलींचा खरा घोळ होतो तो असल्या जबरदस्तीने.

दोन बिऱ्हाडांच्या यंत्रात ही सोय बंदच ठेवावी. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवर बटणाने काय करावे ते ठरविण्याचे पान, आणि तेथे फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढून टाकायची. मोठे अपडेट झाल्यावर ती खूण पुन्हा पडली नाही ना, हे एकवार पाहावे. घाईच्या वेळी एक सोपी युक्ती आहे : शट डाउनऐवजी 'रीस्टार्ट' करावे. रीस्टार्टमध्ये विंडोज पुरते मिटते. ऐकायला उलटे वाटते, पण आहे तसे.

रीस्टार्टवरून आठवले. विंडोजचे मोठे अपडेट अर्ध्यावर दोन-तीनदा यंत्र बंद करून चालू करते. दर वेळी ती काळी पाटी येणार, आणि आपण स्वयंपाकघरात चकलीचे पीठ मळत बसलो, तर पहिले नाव म्हणून लिनक्सचे दार उघडणार. इकडे विंडोजचा गवंडी भिंत अर्धी पाडून खोळंबलेला. पुढच्या वेळी विंडोजमध्ये गेले की तो बहुधा काम पुढे चालू करतो. पण तोवर लिनक्समधून त्या खोलीत डोकावू नये. सरळ मार्ग म्हणजे अपडेट चालू असताना यंत्रापाशी बसावे, किंवा 'मागच्या वेळी जे निवडले तेच पुन्हा उघड' असे ग्रबला सांगून ठेवावे. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा, हे वेगळे सांगायला नको. टेबलावरचे मोठे यंत्र असेल आणि वीज जाण्याचा संभव असेल, तर त्या दिवशी हात लावू नये.

घड्याळाचा तंटा निरुपद्रवी, पण कटकटीचा. मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळ दाखविते असे विंडोज धरून चालते. लिनक्स ते ग्रिनिचच्या वेळेवर लावून ठेविते. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. रात्री मुलीने लिनक्स वापरले, की सकाळी दहाला विंडोज उघडणाऱ्या बापाला साडेचार वाजलेले दिसतात. दोघांपैकी एकाची समजूत घातली की भागते. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला लावता येते किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून त्याला ग्रिनिचवर आणता येते. मात्र दोहोंपैकी एकच उपाय करावा. बापाने एक आणि मुलीने दुसरा केला, तर तंटा जसाच्या तसा, फक्त उलटा!

अठ्ठेचाळीस आकडे

अलीकडच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपांत, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने शिरले की, डिस्कला आपोआप कुलूप बसते. 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' हे त्याचे नाव. एरवी ते जाणवतही नाही. पण लिनक्स नव्याने बसविले, दाराची व्यवस्था बदलली किंवा यंत्राच्या बायोसचे अपडेट झाले, की एखाद्या सकाळी निळा पडदा येतो आणि अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतो. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. आता ते खाते कोणाच्या ईमेलवर उघडले, पासवर्ड काय, हे घरात कोणाला आठवत नाही. दुकानातल्या माणसानेच सगळे करून दिलेले असते. ही किल्ली नसेल, तर आतले कागद जगातला कोणीही शहाणा काढून देऊ शकत नाही. म्हणून अपडेटला बसण्याआधी खात्यात जाऊन ते आकडे कागदावर उतरवून घ्यावेत आणि तो कागद रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवावा. बायोसचे अपडेट करायचे असेल, तर हे कुलूप तेवढ्यापुरते स्थगित करण्याची सोयही विंडोजमध्ये आहे.

आणि बॅकअप. हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे आणि करीत कोणी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे एक मोठे अपडेट आले आणि काही लोकांच्या घरगुती फायलीच त्यात पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टला थोड्याच दिवसांत त्याचे वाटप थांबवावे लागले. तेथे दुसरे बिऱ्हाडही नव्हते. एकट्याच्या घरात हे झाले. तेव्हा दोन्ही बाजूंचे महत्त्वाचे कागद एका बाहेरच्या डिस्कवर उतरवावेत, ती डिस्क यंत्रापासून काढून कपाटात ठेवावी आणि मगच पहिले बटण दाबावे. जवळ उबुंटूचा एक पेन ड्राइव्हही असू द्यावा. दोन्ही दारे बंद झाली तरी त्याच्यावरून यंत्र सुरू करून आतल्या फायली काढता येतात. डिस्कला कुलूप असेल तर अर्थात किल्ली लागेलच.

क्रम कोणता ठेवावा, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. मी विंडोज आधी घेतो. 'आता काही शिल्लक नाही' असे ते स्वतः म्हणेपर्यंत त्याला सोडत नाही आणि मग पुरते बंद करतो. त्यानंतर लिनक्स. कारण लिनक्सच्या अपडेटमध्ये काळी पाटी पुष्कळदा नव्याने लिहिली जाते. ती शेवटी लिहिलेली बरी. शिवाय लिनक्सचा नवा कर्नल रुसला, तर जुना कर्नल तेथेच ठेवलेला असतो आणि पाटीवरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून त्याला बोलावता येते. विंडोजची मोठी आवृत्ती घेतली असेल, तर मागे फिरायला सहसा दहा दिवसांची मुदत असते. मुलांची परीक्षा किंवा प्रोजेक्टची तारीख जवळ असेल, तर विंडोजला काही आठवडे थांबायला सांगता येते. त्याचा लाभ अवश्य घ्यावा, मात्र परीक्षा संपल्यावर विसरू नये.

वडिलांचे शब्द मी सध्या युनिकोडमध्ये उतरवीत आहे. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरे आली की ते ठेचकाळतात. मग हिने जुन्या छापील प्रतीवरून वाचायचे आणि मी दुरुस्त करायचे, असे चालते. 'न' पर्यंत आलो आहोत. उतरलेला भाग दोन्ही बिऱ्हाडांत सारखाच वाचता येतो. यंदा ताई भाऊबीजेला येणार आहे आणि तिला आईच्या माहेरच्या म्हणी पाहायच्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा अजून जुन्या फाँटमध्येच आहेत. त्यामुळे या वेळची दोन्हीकडची अपडेट ताई परत गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी.